बुडावरचा शिक्का

आमच्या गावच्या घरी देवघरात उदबत्ती लावायला एक पितळी नळकांडे आहे. करंगळीएवढे लांब, बुडाला कड असलेले, वरून उघडे. आत राख ठासून भरलेली असते आणि त्या राखेत आजी रोज सकाळी दोन उदबत्त्या खोचते. एखादा चौकस पाहुणा विचारतो, "हे काय हो?" मग घरातले जे कोणी जवळ असेल ते जरा आवाज उतरवून सांगते, "ती आबांची गोळी."

वास्तविक ती गोळी नव्हे. गोळी गेली ती १९४४ सालीच गेली. मागे राहिली ती रिकामी पुंगळी. पण आपण काडतुसालाही गोळी म्हणतो, पुंगळीलाही गोळी म्हणतो आणि डॉक्टरांच्या औषधालाही गोळीच म्हणतो. तेव्हा पोटासाठी मराठी शिकवणाऱ्या माणसाने या बाबतीत घरच्यांशी वाद घालू नये हेच बरे.

आबा म्हणजे माझे आजोबा. साताऱ्याच्या प्रतिसरकारात, लोक ज्याला पत्री सरकार म्हणत त्यात, ते होते. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. आबा त्यांच्यामागच्या, नावे नसलेल्या माणसांपैकी. निरोप पोचवायचे, भाकऱ्या पोचवायच्या, वेळ आली तर रात्रभर उसात बसून राहायचे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी अडवली गेली, तेव्हा आपण तिथे नव्हतो हे ते स्वतः होऊन सांगत. पुढे गावातला जो तो 'मी शेणोलीला होतो' असे म्हणू लागला, तेव्हा तर जास्तच आवर्जून सांगत.

गोळीची हकीकत मात्र त्यांनी कधी नीट सांगितली नाही. ती आम्हांला इतरांकडून मिळाली, आणि इतरांकडून मिळालेल्या हकीकती नेहमीच अधिक नीटनेटक्या असतात. १९४४ च्या भाद्रपदातली रात्र. वस्तीवर लपलेल्या दोघांना धरायला पोलीस आले. उसाच्या कडेला आबा एका पहारेकऱ्याकडून मिळवलेली रायफल घेऊन बसले होते. त्यांनी एकच गोळी झाडली. एकच! दुसरीची गरजच पडली नाही. पुढचा शिपाई पायात गोळी लागून खाली बसला, पोलिसांनी अंधारात वाटेल तशा बंदुका झाडल्या, आणि तेवढ्यात लपलेले दोघे आणि आबा कृष्णेच्या पलीकडे गेले. पुंगळी नळीत अडकून बसली होती. ती दुसऱ्या दिवशी गजाने ठोकून काढावी लागली. म्हणून ती आबांच्या हाती राहिली.

मी लहानपणी एकदा त्यांना विचारले होते, "आबा, तुम्ही नेम धरला होता?" ते म्हणाले, "अंधारात कसला नेम? बार काढला, एवढंच खरं." आम्ही तो त्यांचा विनय समजलो.

या गोष्टीचा दुसरा भाग दर दिवाळीला आमच्या घरी चालत येत असे. चालत म्हणजे लंगडत. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या गावाहून हवालदारतात्या यायचे. येताना गुळाची एक लहान ढेप आणायचे. ओसरीवर आबांच्या शेजारी बसायचे, चकली मोडून चहात बुडवून खायचे आणि दोघे म्हातारे पाऊसपाणी, उसाचा दर आणि कोण कोण गेले याबद्दल बोलत राहायचे. तात्या म्हणजेच तो शिपाई. गोळी झाडणारा आणि गोळी लागलेला असे दोघे एका ताटातले लाडू खाताना पाहून बाहेरचे लोक थक्क होत. आम्हां मुलांना त्यात काही विशेष वाटत नसे. आमच्या समजुतीप्रमाणे प्रत्येकाच्या आजोबांना असा एक लंगडा मित्र असतोच. तात्या १९८९ साली गेले. त्या दिवाळीला आबांनी फराळाला हात लावला नाही. आबाही १९९४ मध्ये गेले.

स्वातंत्र्याच्या पंचाहत्तर वर्षांनिमित्त २०२२ साली गावच्या वाचनालयात प्रदर्शन भरवायचे ठरले. माझा थोरला चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, त्याच्या पुढाकाराने. पुंगळी काचेच्या पेटीत ठेवायची आणि खाली चार ओळींचे कार्ड लावायचे. दादाने साताऱ्याला माझ्या घरी फोन केला. "तू प्राध्यापक. कार्ड तू लिही. आबांनी याच गोळीने फिरंग्यांचा शिपाई पाडला, ती रायफल सांगली जेलमधनं आलेली, वगैरे. जोरात लिही."

सांगलीच्या तुरुंगाची गोष्ट आमच्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती तुरुंग फोडून बाहेर पडले. दादांच्या खांद्यात गोळी लागली. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव प्राणांस मुकले. पण आबांच्या रायफलीचा त्याच्याशी संबंध होता हे मी प्रथमच ऐकत होतो. मी म्हटले, "याला आधार काय?" दादा म्हणाला, "आधार कशाला? रायफल कुठून तरी आली असणारच ना?"

मी वर्गात मुलांना सांगत असतो की पोथीचा काळ ठरवताना आधी शेवटचे पान पाहावे; लेखकाचे नाव, गाव, शक बहुधा तिथे असतो. पुंगळीचे शेवटचे पान म्हणजे तिचे बूड. मी पुढच्या रविवारी गावी गेलो, आजीची परवानगी काढली, राख रिकामी केली आणि बूड उजेडात धरले. आजीने गेली पंचाहत्तर वर्षे प्रत्येक सणाला ते चिंचेने घासले होते. अक्षरे जवळजवळ गेलेली. मग शिलालेखाचा घेतात तसा ठसा घेतला: वर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी फिरवली. हळूहळू इंग्रजी 'के' उमटला, मग बाणाच्या टोकासारखी खूण, मग 'एफ'. त्याखाली सालाचे दोन आकडे आणि रोमन सात.

सालाचे आकडे मला पहिल्यांदा ४८ असे दिसले, आणि पोटात गोळा आला. ४८ म्हणजे स्वातंत्र्यानंतर. म्हणजे सगळेच खोटे! पुन्हा ठसा घेतला, भिंगातून पाहिले. आठ नव्हता, तीन होता. ४३. जिवात जीव आला.

'के' आणि 'एफ' म्हणजे किरकीचा कारखाना. इंग्रजांना खडकी म्हणता येत नसे, ते किरकी म्हणत. १८१७ साली तिथेच पेशव्यांचा पाडाव झाला, आणि १८६९ मध्ये तिथेच इंग्रजांनी काडतुसांचा कारखाना काढला. मधली बाणाची खूण सरकारी मालकीची. रोमन सात म्हणजे थ्री नॉट थ्री रायफलीच्या काडतुसाचा सातवा मार्क, १९१० पासून चालत आलेला. सगळे जिथल्या तिथे बसत होते. १९४३ चे काडतूस, १९४४ चा प्रसंग, थ्री नॉट थ्री रायफल. मी सातारच्या गाडीत बसून कार्डाचा मसुदा लिहूनही टाकला.

तो मसुदा मी वर्गातल्या एका विद्यार्थ्याला सहज दाखवला आणि तिथेच फसलो. मुलगा अपशिंग्याचा. अपशिंगे मिलिटरी म्हणतात ते गाव; पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. मुलगा म्हणाला, "सर, आमचे आजोबा फौजेत आर्मरर होते. त्यांना दाखवू या का?" आर्मरर म्हणजे पलटणीच्या बंदुका दुरुस्त करणारा. वास्तविक दाखवण्याची काही गरज नव्हती. पण माणसाला आपले बरोबर असल्याची खात्री झाली की ते कुणाला तरी दाखवावेसे वाटतेच.

सुभेदारसाहेब ऐंशीच्या पुढचे, पण ताठ. मी पुंगळी हातात देत शिक्का वाचू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवले.

"बूड काय म्हणतंय ते नंतर बघू, सर. आधी अंग बघा."

त्यांनी ती टेबलावर उभी केली. "थ्री नॉट थ्रीची पुंगळी बाटलीसारखी असते. खाली पोट, वर खांदा, त्याच्यावर बारीक मान. गोळी पेन्सिलीएवढी जाड, ती त्या मानेत बसते. हिला मान कुठाय?"

नव्हती. मी आयुष्यभर ती पुंगळी पाहत आलो होतो. बुडापासून तोंडापर्यंत जवळजवळ सरळ. मला वाटायचे पुंगळ्या अशाच असतात.

"मग शिक्का खोटा?" मी विचारले.

"शिक्का खरा आहे. पण तो जन्माचा दाखला आहे. पुढं काय झालं ते त्यात कसं येणार?"

यानंतरचा अर्धा तास मी विद्यार्थी होतो. साहेबांनी कपाटातून मोजपट्टी काढली. पहिली शंका अशी की, उदबत्त्यांसाठी म्हणून कुणा तांबटाने मान कापून टाकली असेल. पण मान घालवायची तर खांद्याखाली कापावे लागते, आणि मग लांबी पंचेचाळीस मिलिमीटरच्या आसपास उरते. ही पंचावन्न भरली. कोरी थ्री नॉट थ्रीची छप्पन्नला किंचित वर असते. म्हणजे पितळ कापलेले नव्हते, पसरलेले होते. कोऱ्या पुंगळीची मान बाहेरून साडेआठ मिलिमीटरच्या जवळपास असते, हिचे तोंड अकराच्या घरात. दुसरी शंका, कुणी कारागिराने तापवून, आत खिळा घालून ते रुंद केले असेल. साहेबांनी आत विजेरी मारली. हत्याराचा ओरखडा कुठे नव्हता. तोंडापासून खाली नखभर चीर मात्र होती. ती मला ठाऊक होती, आजी तिला 'तडकलेली' म्हणे. आणि जिथे पूर्वी खांदा असायला हवा तिथे बोट फिरवल्यावर कळेल न कळेल अशी एक रेघ गोल फिरली होती.

"ही बंदुकीतच पसरली," साहेब म्हणाले. "स्वतःच्या बारानं. पण रायफलीत नाही. मस्केटमधी."

मस्केट हा शब्द मी पोलिसांच्या बातम्यांत वाचला होता, पण ते प्रकरण त्या दिवशी समजले. सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांनी एक धडा घेतला होता: आपल्या हिंदी शिपायाच्या हातची बंदूक आपल्या गोऱ्या शिपायाच्या बंदुकीपेक्षा कमी असावी. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. त्यांतून गोळी भोवऱ्यासारखी फिरत निघते, आणि भोवरा फिरतो तोवर उभा राहतो तशी ती सरळ जाते. आटे काढून टाकले की नळी गुळगुळीत, गोळी आंधळी. पुढे पोलिसांसाठी आणि तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी बंगालात इशापूरच्या कारखान्यात थ्री नॉट थ्री रायफलींच्या मस्केट केल्या गेल्या. नळी गुळगुळीत आणि मोठी, पॉइंट चारशे दहाची. गोळ्यांच्या पेटीच्या जागी लाकडाचा ठोकळा, म्हणजे एका वेळी एकच काडतूस भरता यावे. बाहेरून पाहाल तर हुबेहूब रायफल. तिचे काडतूस थ्री नॉट थ्रीच्याच अंगाचे, फक्त मान न काढलेले.

"तिच्यात थ्री नॉट थ्रीचं काडतूस जातं?" मी विचारले.

"जायला नको. पण जातं. कड सारखी, पोट सारखं. वर सगळी मोकळी जागा. बार झाला की मान फाकते, तडकते, आणि पुंगळी अडकून बसते. गजानं ठोकून काढावी लागली असंल बघा."

मी गजाची गोष्ट त्यांना सांगितलेली नव्हती.

आता कोडे सुटत होते आणि मला ते सुटायला नको होते. पहारेकऱ्याकडून मिळवलेली ती रायफल नव्हतीच, मस्केट होती. तिचे काडतूस मिळाले नसेल. कुणी रजेवर आलेल्या शिपायाने थ्री नॉट थ्रीचे एक आणून दिले असेल. त्या काळी साताऱ्याच्या दर दोन घरांत एक शिपाई लढाईवर होता म्हटले तरी चालेल. बंदूक रायफलीसारखी दिसते, काडतूस रायफलीचे आहे, मग ती रायफलच. आबांनी भरले आणि ओढले. दुसरी गोळी झाडली नाही, कारण झाडता येणारच नव्हती. पुंगळी आत घट्ट बसली होती. ज्या 'एकच गोळी'चा आम्ही इतकी वर्षे अभिमान बाळगला, तिचा अर्थ एवढाच.

"आणि ती गोळी कुठे गेली असेल?"

साहेब हसले. "बोटभर गोळी, अंगठाभर नळी. खडखडत, आडवी-तिडवी गेली असंल. वीस-तीस पावलांपुढं तिचा हिशेब कुणी द्यायचा? नळी फुटून तुमच्या आजोबांच्या तोंडावर आली नाही, हे नशीब समजा." मग माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "लागलीच नसंल असं मी म्हणत नाही. पण लागली तर ती योगायोगानं."

मी उठलो. दारात त्यांनी सहज एक वाक्य टाकले: पोलिसांना त्या मस्केटसाठी एकेरी गोळीची काडतुसे मिळत, तशी छर्ऱ्यांचीही मिळत.

परतीच्या वाटेवर मला काही केल्या स्वस्थ वाटेना. एस.टी.च्या खिडकीतून नुसता ऊस दिसत होता. उंब्रजच्या पुढे कुठेतरी मला तात्यांचा पाय आठवला. मी सहा-सात वर्षांचा असेन. एका दिवाळीला तात्या धोतर गुडघ्यापर्यंत घेऊन पायाला तेल चोळत बसले होते आणि मी त्यांच्या पिंढरीवरचे वण मोजले होते. मी नुकताच अंक शिकलो होतो, दिसेल ते मोजत असे. पायऱ्या, कौले, लाडू. वण बारीक होते, देवीच्या खळग्यांसारखे, आणि ते पाच होते. तात्यांनी विचारले, "किती झाले?" मी म्हटले, "पाच." ते म्हणाले, "बरोबर," आणि धोतर खाली घेतले. आबा समोरच बसले होते.

एका गोळीचे पाच वण होत नाहीत.

छर्रे पोलिसांच्या मस्केटचे असू शकतील. अंधारात, गोंधळात, मागच्याने पुढच्यावर झाडलेले. आमच्याच बाजूच्या कुणाच्या ठासणीच्या बंदुकीचेही असू शकतील. तशा बंदुका तेव्हा गावोगाव होत्या. ते मी ठरवू शकत नाही. पण आपल्या पायात काय शिरले होते हे तात्यांना कळले नसेल? चार-पाच छर्रे काढायला कुणी डॉक्टर बसला असेलच ना? आणि आबा, ज्यांनी त्या पिंढरीकडे चाळीस दिवाळ्या पाहिले, त्यांनी ते वण कधी मोजले नसतील? मग दोघांपैकी कोण कोणाची समजूत राखत होता? मी हा प्रश्न पुष्कळ रात्री अंथरुणात पडून उलटसुलट केला आहे.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. खालचा राजा अजून दिसतो आणि वरचाही. अभ्यासकांचे काम सोपे झाले. आमच्या पुंगळीचे अंग बदलले, पण नवा ठसा कुणी मारला नाही.

दादाला सगळे सांगितले. तो भडकला. "तुला पुरावा आणायला पाठवलं होतं का घालवायला? आबांची गोळी लागलीच नाही असं लिहू?"

"तसं नाही लिहायचं. लागली असंही नाही लिहायचं."

"मग काय लिहायचं?"

त्यावर आम्ही दोन दिवस भांडलो. त्यात आणखी एक भांडण जिल्ह्याचे. मी 'सातारा जिल्हा' लिहिले. दादा म्हणाला, आपला जिल्हा सांगली, पोरे हसतील. मी म्हटले, १९४४ साली सातारच होता. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० पासून त्याचे नाव सांगली. गाव कुठेही हलले नाही, तरी घरातल्या कागदांवर तीन जिल्हे आहेत. आजोबांचा सातबारा, वडिलांचा शाळेचा दाखला आणि माझे रेशनकार्ड शेजारी ठेवले तर आम्ही तीन ठिकाणची माणसे ठरू. शेवटी दादा दमला. कार्ड असे झाले: 'खडकी कारखाना, १९४३. थ्री नॉट थ्री रायफलीचे काडतूस. मस्केटमधून झाडलेले, त्यामुळे मान फाकली आहे. १९४४, तेव्हाचा सातारा जिल्हा.' खाली आबांचे नाव. पायाबद्दल एक अक्षर नाही.

प्रदर्शन तीन दिवस चालले. शाळेच्या मुलांनी गर्दी केली ती बाजूच्या तलवारीपुढे. पुंगळीपुढे फारसे कुणी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक गृहस्थ मात्र बराच वेळ वाकून कार्ड वाचत होते. तात्यांचा नातू. सांगलीला बँकेत असतो. मी त्याला वीसेक वर्षांनी पाहत होतो. त्याने कार्ड दोनदा वाचले.

"आमच्या आजोबांचं नाव घातलं नाहीत," तो म्हणाला.

मी काहीतरी चाचरत बोलू लागलो. त्याने मान हलवली. "बरं केलंत. तेही कधी सांगायचे नाहीत. फक्त दिवाळी आली की गुळाची ढेप आधी बाजूला काढून ठेवायचे. ती कुणी फोडली तर घरात कल्ला."

चौथ्या दिवशी मी पुंगळी आजीकडे परत नेऊन दिली. तिला सगळे सांगायचे माझ्या मनात होते. वाटेत वाक्येही जुळवली होती. तिने ती हातात घेतली, डोळ्यांजवळ नेऊन आत पाहिले.

"आतली राख कुठं टाकलीस?"

"तुळशीत घातली."

"मग असू दे," ती म्हणाली, आणि चुलीकडे नवी राख आणायला गेली.